पंचांना सांगितलं, माझ्या बाबांना बाहेर काढा

भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, तेव्हा मोठी माणसं कोणाची बदली कुठे होणार, कोणती कचेरी तिकडे जाणार, याच गोष्टी बोलत. आमच्या घरी त्या फाळणीचा अर्थ दोन-तीन वर्षांनी कळला, मी सहावीत शाळेच्या खो-खो संघात आले त्या दिवशी. बाबा जेवता जेवता थांबले आणि आईला म्हणाले, "आता तिकडच्या पोरी आपल्या वाटेत नाईत. जिल्ह्याचा संघ म्हणजे फक्त इकडचा संघ. जिल्हा, मंग विभाग, मंग राज्य. एकदा सर्टिफिकेट हातात आलं का पोरीची नोकरी पक्की."

आई म्हणाली, "अकरा वर्षाची हाये ती. जेवू तर द्या तिले."

मी जेवत होते. पण दुसऱ्या दिवसापासून माझ्या जेवणाचं, झोपेचं आणि केसांचं सगळं बाबांनी ठरवायला सुरुवात केली. वेणी कापली, कारण सूर मारताना आडवी येते म्हणे. मोड आलेले चणे, कच्चं अंडं, आणि पहाटे धावणं. बाबा वरठीच्या लोखंडाच्या कारखान्यात कामाला होते. पहिल्या पाळीला जायच्या आधी ते मला स्टेशनच्या रस्त्याने धावायला लावत आणि स्वतः मागून सायकलवर येत. मी जरा हळू झाले की घंटी वाजवत. कामावर निघालेली माणसं बाजूला होऊन बघत आणि हसत. मावशीच्या लग्नाला सगळे गेले. मी आणि बाबा घरी राहिलो, कारण तालुक्याची मॅच दहा दिवसांवर होती. हळद लावून घ्यायची माझी फार इच्छा होती. हे मी अजून विसरले नाही.

मला खो-खो आवडत नव्हता असं कोणी समजू नये. फार आवडायचा. पाटीवर, म्हणजे आमच्या रांगेतल्या चौकोनात, पाठमोरं बसायचं, हाताची बोटं मातीला टेकवायची आणि मागून येणाऱ्या 'खो'ची वाट बघायची. तो शब्द कानात आणि हात पाठीवर एकदमच पडतो, आणि तुम्ही सुटता. त्या एका क्षणात मला कोणीच नको असायचं, बाबा तर नाहीच.

बाबा तरुणपणी कबड्डी खेळत. आमचं मूळ गाव कोंढ्याकडचं. तिथल्या संघातून जिल्ह्यासाठी त्यांची निवड झाली होती, पण रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस होते आणि आजोबांनी जाऊ दिलं नाही. हे मला बाबांनी कधी सांगितलं नाही, आत्याने सांगितलं. सांगून वर म्हणाली, "म्हणून तुले एवढं करते तो." त्या वयातही मला वाटलं, आजोबांनी त्यांना अडवलं तर त्यात माझी काय चूक? आजही मला तसंच वाटतं.

आमच्या मॅडम खेळ शिकवत. बिचाऱ्या मराठीही शिकवत आणि पोषण आहाराची खिचडीही बघत. मॅचला पालक मैदानाच्या रेषेवर येऊन उभे राहायचे. एक आई पोरीला प्रत्येक डावाआधी लिंबू चाटवायची, एक काका पंचांशी भांडायचे. पण बाबांचा आवाज सगळ्यांच्या वर. मॅडम एकदा म्हणाल्या, "भाऊ, जरा मागं उभे राहा." बाबा म्हणाले, "मॅडम, तुम्ही शिकवा. खेळवतो मी."

सातवीत तालुक्याच्या फायनलला त्यांच्या आवाजाने माझा घात केला. मी पाटीवर बसले होते. पळणारी मुलगी माझ्या अगदी जवळून गेली आणि बाबा ओरडले, "ऊठ!" मी उठले. मागून 'खो' आलाच नव्हता. शिट्टी वाजली, फाऊल. त्याच तोंडाने बाबा ओरडले, "खो नाई भेटला अन् उठली काहून?"

तरी आम्ही जिंकलो. घरी परत आल्यावर मी हिंमत करून सांगितलं, "बाबा, तुमच्या आवाजात मले खो ऐकू येत नाई. तुम्ही नका ओरडू."

"तू माझा आवाज ऐक," ते म्हणाले. "खोचं मंग पाहू."

आईने माझ्याकडे पाहिलं. मग उठून चुलीकडे गेली.

जिल्ह्याची मॅच भंडाऱ्याला होती. बाबांनी रजा टाकली. आम्ही मुली मॅडमबरोबर एसटीने गेलो आणि बाबा मित्राची मोटारसायकल घेऊन आमच्या आधीच पोचले. मैदानावर चुन्याच्या रेषा ताज्या होत्या. आमच्या संघात माझी एक मैत्रीण होती, अंगाने लहानशी, पण दिशा बदलण्यात आमच्यात सगळ्यात चपळ. तिचे वडील नव्हते आणि आई लोकांच्या धानाच्या शेतात कामाला जायची, म्हणून तिच्या बाजूने रेषेवर कोणीच नसायचं. मला तिचा हेवा वाटायचा, हे मी तिला कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या डावात आम्ही पाठलागावर होतो. मैत्रीण माझ्या शेजारच्या चौकोनात बसली होती. तिला खो मिळाला, ती उठली, पण पाय घसरला आणि पळणारी निसटली. एवढंच झालं. बाबा रेषेच्या आत दोन पावलं आले. "ए! झोपली का वो? तुझ्यापायी माझ्या पोरीचं वर्ष वाया जाऊन राहिलं! हिले कोणं घेतलं संघात?"

तिने धावता धावता मान वळवून बाबांकडे पाहिलं. बस, तिथेच ती गेली. पुढचा खो तिने चुकीच्या बाजूने दिला. शिट्टी वाजली. ती तिथेच उभी राहिली, आता कुठे जायचं तेच तिला कळेना. बाबा अजून बोलतच होते. आजूबाजूची काही माणसं हसली.

माझ्यावर ओरडले तेव्हा मी सहन केलं. माझेच बाबा, असं वाटायचं. पण ती माझ्या बाबांची कोण लागत होती? तिला बोलायचा अधिकार त्यांना माझ्यामुळेच मिळाला होता, मी त्या मैदानावर होते म्हणून. मला त्याची अशी लाज वाटली की मी उठले. खो नाही, काही नाही. चौकोन सोडला आणि सरळ पंचांकडे चालत गेले.

पंच म्हणजे पांढऱ्या टोपीतला एक जाडसा माणूस. तो हात हलवत म्हणाला, "ए, बस जागेवर! वेळ चालू आहे."

"चालू द्या," मी म्हटलं. "आधी त्या माणसाले मैदानाबाहेर काढा."

"कोणाले?"

"त्या निळ्या शर्टवाल्याले."

"कोण आहे तो?"

"माझे बाबा."

पंचाने शिट्टी मुठीत धरली. माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. मॅडम लगबगीने आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "बेटा, असं नको करू. जाऊन बस." मी म्हटलं, "मॅडम, ते बाहेर गेल्याशिवाय मी बसत नाई. मले बाद करा पाहिजे तर."

पंचाने घड्याळ थांबवलं. तो बाबांकडे गेला. मला वाटलं होतं बाबा भांडतील. ते आधी हसले, पोर लाडात येऊन काहीतरी बोलली असं दाखवत. मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "मी जाऊ?" सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"हो," मी म्हटलं. "जा."

ते गेले. फाटकाजवळ उसाच्या रसाची गाडी होती, तिच्यामागून जाताना एकदाही वळून पाहिलं नाही. मी परत येऊन चौकोनात बसले आणि बोटं मातीला टेकवली.

आम्ही हरलो. एका गड्याने. ही गोष्ट ऐकणाऱ्यांना शेवटी आम्ही जिंकावं असं वाटतं, म्हणून मुद्दाम सांगते, हरलो. पण उरलेल्या वेळात मला प्रत्येक खो ऐकू आला, आणि मैत्रिणीने लागोपाठ दोन गडी बाद केले. दुसऱ्याच्या वेळी ती अशी खदखदून हसली की पंचही हसला.

परत येताना एसटीत एक मुलगी म्हणाली, "तुझ्यामुळं हरलो." मी म्हटलं, "हो, असेल." वाद घालायची ताकद नव्हती.

खरी मॅच नंतर घरी सुरू झाली. बाबा माझ्याशी बोलेनात. काका आले, आत्या आली, रविवारी विहारात वंदना झाल्यावर शेजारच्या एका आजोबांनीही मला बाजूला घेतलं. सगळ्यांचं एकच म्हणणं होतं: बापाची इज्जत चार लोकांत काढली, आता पाय धरून माफी माग. मी विचारलं, "त्यांनी माझ्या मैत्रिणीची काढली, तिची माफी कोण मागणार?" काका म्हणाले, "तोंड बंद कर." मी तोंड बंद केलं. माफी मागितली नाही.

पंधरा-वीस दिवसांनी बाबांनी आईकडून निरोप पाठवला, एकाच घरात, एका भिंतीपलीकडून: "तिले म्हणा, खेळ बंद." त्या संध्याकाळी आई भाकरी थापत होती. तिने तवा उतरवला आणि तिथूनच मोठ्याने म्हणाली, "बंद नाई होणार. तिच्या जागी मी असती तर तुमाले पहिल्याच मॅचले बाहेर काढलं असतं. दोन वर्षं मी पाहून राहिली. पोरगी झोपेत धावते, पाय हलवते, तुमाले माहीत हाये का?"

मी दुसऱ्या दिवशी सरावाला गेले. वेणीही पुन्हा वाढवली.

दहावीपर्यंत खेळले. विभागापर्यंत एकदा पोचलो, राज्याला कधीच नाही. त्या खेळावर मला नोकरी लागली नाही. माझी नोकरी वेगळ्या परीक्षेने लागली, तिचा खो-खोशी काही संबंध नाही. बाबा त्यानंतर माझ्या एकाही मॅचला आले नाहीत, आणि खरं सांगते, मला एकदाही ते यावेत असं वाटलं नाही. मुलीने असं म्हणू नये, असं लोकांना वाटतं. वाटू दे. मैत्रीण आता पवनीकडे असते. आम्ही भेटलो की त्या दिवसाबद्दल बोलत नाही, तिला त्याची अजून लाज वाटते. लाज तिची नव्हतीच, हे मी तिला सांगून थकले.

बाबा रिटायर झाल्यावर एका दुपारी आम्ही दोघंच घरी होतो. टीव्हीवर कुठलीशी मॅच चालू होती. ते टीव्हीकडेच बघत म्हणाले, "त्या दिवशी तू मले सगळ्यांसमोर काढलं. घरी सांगता आलं असतं."

"सांगितलं होतं, बाबा. तुम्ही ऐकलं नाई."

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाले, "मले वाटे, तू लहान हायेस. लहान पोराले काय समजते."

"लहानच होती," मी म्हटलं. "म्हणून तुम्हाले ऐकायला पाहिजे होतं."

त्यांनी मान हलवली की नुसती हलली, मला नीट कळलं नाही. माफी त्यांनी मागितली नाही. मीही मागितली नाही. आज कोणी मला त्या मैदानावर पुन्हा उभं केलं, तर मी पुन्हा उठेन, आणि या वेळी तालुक्याच्या मॅचलाच उठेन.