प्लास्टरमावशींचा तास

हाड मोडून आलेल्या माणसाला मावशींचा चेहरा नंतर दिसायचा, आधी दिसायचे त्यांचे हात. कोपरापर्यंत पांढरे, जणू आत्ताच पिठाच्या गिरणीतून आल्यात. रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून त्यांची प्लास्टरची खोली होती. एक उंच टेबल, दोन बादल्या, कापसाच्या गुंडाळ्या आणि प्लास्टर कापायची करवत. तिचा आवाज ऐकूनच भलेभले डोळे मिटून घेत. मावशींचं शिक्षण दहावी. लागल्या होत्या मदतनीस म्हणून, पण हाताला अशी सफाई की नवे डॉक्टर हळूच म्हणायचे, "मावशी, हे मनगट तुम्हीच बांधा." त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहिलं. अख्ख्या इमारतीला त्या 'प्लास्टरमावशी'.

कामाला लागून वर्ष व्हायचं होतं तेव्हा त्यांची आई घरातल्या घरात, पायपुसण्याला अडखळून पडली. मनगट मोडलं. मावशींनी स्वतः प्लास्टर घातलं. म्हातारीला त्याचं कोण कौतुक! हात वर धरून शेजारपाजारच्या बायकांना सांगायची, "लेकीनं बांधलंय. बघा, एक सुरकुती नाही." दीड महिन्यात हात बरा झाला आणि सगळे ते विसरून गेले.

चार वर्षांनी आई ओट्यापासून वळताना तोल जाऊन पडली. या खेपेला खुब्याचं हाड गेलं. ती पुन्हा अंथरुणातून उठली नाही. आठ महिन्यांनी गेली.

नंतर एकदा हाडांच्या डॉक्टरांनी मावशींना समजावून सांगितलं, "उभ्या उभ्या पडून उतारवयात मनगट मोडणं, ही पहिली घंटा असते. हाड आतून पोकळ होत आलंय, असं ते सांगत असतं. तेव्हाच तपासणी व्हायला हवी."

घंटा वाजली होती, आणि आपणच ती कापसात गुंडाळून वरून प्लास्टर घातलं, एवढंच मावशींच्या मनात आलं. तेव्हापासून त्या शिकत गेल्या. डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावून सोडत. टेबलावरच्या प्रत्येक साठीच्या बाईला तपासणीला पाठवत. पण त्यांना कळून चुकलं होतं, की हे सगळं म्हणजे वरातीमागून घोडं. हाड भरायचं वय पंचविशी-तिशीपर्यंतचं, आणि त्या वयाचं कुणी त्यांच्याकडे आलं तर फक्त मोटरसायकलवरून आपटून.

मग तो दिवस उजाडला. गावाबाहेरच्या तंत्रशाळेत हाडांच्या डॉक्टरांचं व्याख्यान होतं. हाडांचे नमुने ठेवलेली पेटी घेऊन मावशी पुढे गेल्या होत्या. सभागृहात अठरा-वीस वर्षांची दोनशे मुलंमुली, निम्म्यांची मान मोबाइलमध्ये. अकराला पाच मिनिटं असताना डॉक्टरांचा फोन आला. अपघाताची केस आली होती, शस्त्रक्रियेला लगेच उभं राहायचं होतं.

प्राचार्य वैतागले. "आता काय? सोडून देऊ मुलांना."

"सर," मावशी म्हणाल्या. आपल्याच आवाजानं त्या दचकल्या. "मी बोलले तर चालेल का?"

प्राचार्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "बोला. दहा मिनिटं."

एकतीस वर्षं करवत चालवणाऱ्या हातांत मावशींनी माईक घट्ट धरला. "मी डॉक्टर नाही," त्या म्हणाल्या. "मी मोडलेली हाडं बांधते. आज तुम्हाला न मोडण्याबद्दल सांगायला आलेय."

मागच्या रांगेतून एक मुलगा ओरडला, "मावशी, आम्हाला अजून चाळीस वर्षं आहेत!"

सभागृह खदाखदा हसलं. मावशींना मात्र त्या हसण्यानं धीर आला. असली थट्टा त्यांच्या खोलीत रोजच चालायची.

"बरोबर आहे बाबा. म्हणून तर तुझ्याकडे आले. तुझी आजी आली तर मला फक्त बांधता येतं. तुला सांगता तरी येईल."

हसू ओसरलं. मावशींनी पेटीतून खुब्याच्या हाडाचे दोन उभे काप काढले, एक भरलेला आणि एक पोखरलेला, आणि रांगांमधून फिरवायला दिले. बांधकामाच्या वर्गातली एक मुलगी काप डोळ्यांजवळ नेत म्हणाली, "हे तर छप्पर पेलणाऱ्या लोखंडी कैच्यांसारखं आहे! आणि यातल्या आडव्या पट्ट्या तुटल्यात."

"घ्या! मला हे समजायला चार वर्षं लागली, हिनं एका नजरेत ओळखलं," मावशी म्हणाल्या. मग त्या सुटल्याच. "तुमचा खांब वजनानं झिजतो, हाड वजनानं भरतं. चाललात, जिना चढलात, उड्या मारल्यात की आत निरोप जातो, बांधकाम चालू ठेवा. दिवसभर खुर्चीत बसलात की हाड म्हणतं, गवंडी घरी पाठवा."

त्यांनी विचारलं, सकाळी काय काय खाल्लं. बहुतेकांनी नुसता चहा घेतला होता, काहींनी रंगीत पाण्याची बाटली. मावशींनी कुणाला झापलं नाही. दूध, दही, तीळ, हिरवा पाला, काट्यासकट खाता येतात असे बारके मासे, ज्याला जे चालेल त्यानं ते खावं, म्हणाल्या. रोज थोडा वेळ अंगावर ऊन घ्या. "आणि सिगारेट फुप्फुसं खाते हे पाकिटावर लिहिलेलं असतं. हाडंही खाते, हे लिहायला त्यांना जागा पुरली नसेल." गोळ्या मात्र कुणाचं ऐकून घ्यायच्या नाहीत, डॉक्टरांना विचारूनच, हेही त्यांनी बजावलं.

शेवटी म्हणाल्या, "उठा. वीस उड्या." दोनशे जण उठले. प्राचार्यही उठले. खिडक्यांची तावदानं खडखडली. दहा मिनिटांची पन्नास झाली होती.

आठवड्याभरानं कैच्या ओळखणारी ती मुलगी प्लास्टरच्या खोलीत आली. मैत्रिणी तिला 'काडी' म्हणत, आणि ती होतीही तशीच. बराच वेळ ती बादलीकडे बघत उभी राहिली.

"मावशी, मोडलं काही नाही. पण चार महिने पाळी आली नाही. बारीक राहायचं म्हणून मी जेवण कमी केलंय. वाटलं, बरं झालं, कटकट गेली."

मावशींनी हात पुसले. "ती कटकट नाही गं, बाळा. ती थांबली की हाडांचा राखणदारच रजेवर जातो. चल माझ्याबरोबर."

"घरी कुणाला सांगणार नाही ना?"

"मी हाडं जोडते. इकडचं तिकडे जोडत नाही."

त्यांनी तिला स्त्रियांच्या डॉक्टरांकडे नेलं आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. पुढचे सात-आठ महिने सोपे नव्हते. काडी कधी जेवायची, कधी ताट सरकवायची, रडायची, मावशींवर चिडायचीही. मावशी दर गुरुवारी फोन करत आणि आधी फक्त परीक्षेचं विचारत. हळूहळू गाडी रुळावर आली. तिची पाळी सुरू झाली, गालांवर रंग आला.

मग काडीच मैदानात उतरली. तिनं खाणावळीच्या माणसाशी भांडून रोज वाटीभर दही मिळवलं. वसतिगृहाच्या गच्चीवर मुली भल्या पहाटे दोरीवरच्या उड्या मारू लागल्या. पण वॉर्डनबाईंनी ते बंद पाडलं. गच्ची कोसळेल, म्हणाल्या. मुलींनी तक्रार नाही केली. त्यांनी गच्चीची मापं घेतली, सळ्यांचा नकाशा मिळवला, चाळीस मुली एकदम उडाल्या तर किती भार पडेल याचं तीन पानी गणित मांडलं, प्राध्यापकांची सही घेतली आणि कागद बाईंच्या टेबलावर ठेवला. बाईंनी तो दोनदा वाचला.

"छत नाही पडणार, पटलं. पण माझी झोप?"

शेवटी सकाळी आठची वेळ ठरली. तेव्हा ऊनही चांगलं असायचं.

ही हकीकत काडीनं फोनवर सांगितली तेव्हा मावशी टेबलाला टेकून इतक्या हसल्या, की टेबलावरचा पेशंट विचारू लागला, "मावशी, माझा पाय सरळ बांधताय ना?"

पुढच्या वर्षी तंत्रशाळेचं पत्र आलं. या वेळी ते डॉक्टरांच्या नावावर नव्हतं. पाकिटावर मावशींचं पूर्ण नाव होतं, आणि त्याखाली 'व्याख्यात्या'. त्या पत्र घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. "साहेब, काहीतरी चूक झालीय."

"चूक नाही," डॉक्टर म्हणाले. "मीच कळवलं त्यांना. गेल्या वर्षी ती केस आयत्या वेळी दुसऱ्या डॉक्टरांनी घेतली, म्हणून मी धावत आलो होतो. दाराशी उभं राहून तुमचं शेवटचं ऐकलं. बारा वर्षं मी हेच बोलतोय मावशी, एकही पोर कधी खुर्चीतून उठलं नाही."

संध्याकाळी मावशींनी ते पत्र यजमानांच्या हातात दिलं. ते बस आगारात मेकॅनिक. चष्मा पुसून त्यांनी पत्र सावकाश वाचलं, पाकिटावरचं नाव पुन्हा एकदा वाचलं.

"मग? मूठभर मांस चढलं असेल अंगावर."

"मांस कशाला? हाड म्हणा," मावशी म्हणाल्या.

ते हसले. मग म्हणाले, "आई असत्या तर पाकीट घेऊन गल्लीभर फिरल्या असत्या."

मावशींचे डोळे भरून आले, पण मान ताठ होती. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली; त्या निवृत्त आहेत. चार तंत्रशाळांत आणि एका शिवणकामाच्या कारखान्यात त्यांचा तास असतो. काडी एका पुलाच्या कामावर पर्यवेक्षक आहे. सुट्टीत ती आपल्या पन्नाशीच्या आईला मावशींकडे घेऊन आली होती, त्यांच्या रुग्णालयात हाडांची तपासणी करून घ्यायला. आई कुरकुरत होती, मला काय धाड भरलीय म्हणून.

"हिनं सांगितलंय ना?" मावशी त्यांना म्हणाल्या. "मग गुपचूप करून घ्या. या विषयात तुमची लेक माझ्याहून पक्की आहे."