लोकलचे क्रेट

आमच्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर देशासाठी सगळ्यात जास्त मरणारा माणूस मी. रोज सकाळी चहाच्या आधी मरतो. परदेशी मालावर बहिष्कार घालायचे मेसेज मीच टाकतो. ते ज्या मोबाईलवरून टाकतो तो कुठं बनला, हे अजून एकाही नाठाळानं विचारलेलं नाही, कारण त्याच्याही हातात तसलाच आहे. एरवी मी कमी बोलणारा, लग्नाकार्यात कोपऱ्यातली खुर्ची धरणारा माणूस. माझ्या अंगठ्यात एवढी देशभक्ती भरलीय, हे पन्नाशीपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं.

राहात्यापासून जवळच आमची द्राक्षाची बाग आहे. तिचे दोन भाग, मधून पाण्याचा पाट. पाटाच्या अलीकडचा भाग एक्स्पोर्टचा, पलीकडचा लोकलचा. हे आमच्याकडं उघड बोलतात, कुणाला त्यात काही वाटत नाही. एक्स्पोर्टचा माल हॉलंडला जातो. तो तोडायच्या बऱ्याच आधीपासून त्याच्यावर औषधाचा थेंब पडू द्यायचा नाही. मग लॅबवाले येऊन सॅम्पल नेणार, आणि मण्यात औषधाचा अंश सापडला की सगळा माल नापास. लोकलच्या मालाला सॅम्पल नाही. आभाळ आलं, पानावर भुरीची पांढरी बुरशी दिसली, की मार फवारा. उद्या व्यापारी तोडायला येणार असला तरी मार. मणी चकचकीत दिसला म्हणजे झालं.

पहिल्या वर्षी माझं सॅम्पल नापास झालं तेव्हा मी ग्रुपवर लिहिलं होतं, की हा भारतीय शेतकऱ्याविरुद्ध गोऱ्यांचा कट आहे. खूप अंगठे आले. दुसऱ्या वर्षी मी गपगुमान गोऱ्यांचे नियम पाळले. ते ग्रुपवर लिहिलं नाही.

मागच्या हंगामात माझी पुतणी, ती नोकरीनिमित्त हॉलंडातच असते, तिथल्या दुकानात गेली. द्राक्षांच्या डबीवरचा कोड मोबाईलनं बघितला, तर बाग आमचीच. तिनं तिथंच व्हिडिओ काढला. "काका, हे बघा, आपली द्राक्षं! मी इथं सगळ्यांना सांगत सुटलेय, आमच्या काकांची आहेत म्हणून!" तिच्या मागं एक गोरी बाई ढकलगाडीत बसलेल्या लेकराला मणी भरवत होती. न धुता. माझा ऊर भरून आला.

व्हिडिओ गावभर फिरला, आणि ठरलं, की सव्वीस जानेवारीचा शाळेतला झेंडा यंदा मी फडकवायचा. हा मान दरवर्षी गावातल्या निवृत्त फौजींचा. यंदा त्यांना खाली खुर्ची दिली आणि मला वर.

"अण्णा, तुमी गावाचं नाव पार युरोपात नेलं," सरपंच म्हणाले. "आमच्या फौजीनं नुसतं बॉर्डरपर्यंत नेलं हुतं."

फौजी हसले. मीही हसलो, आणि त्याच भरात जाहीर करून टाकलं, की त्या दिवशी सगळ्या पोरांना खाऊ माझ्याकडून. द्राक्षं, पोटभर.

आदल्या दिवशी तोडणीच्या बायांनी विचारलं, "शाळंसाठी कुटली तोडायची?" मी मोबाईलवर तिरंग्याचा डीपी लावण्यात गुंतलो होतो. मान वर न करता म्हणालो, "आपल्याच पोरांना द्यायचीत ना, लोकलची तोडा." मुद्दाम तसं केलं असतं तर निदान विचार तरी केला असं म्हणता आलं असतं. तसंही नाही. आपल्या माणसांना लोकलचा माल, हे वाक्य माझ्या तोंडून 'जरा मीठ वाढ' म्हणावं तसं निघून गेलं.

सकाळी झेंडा फडकला. गाठ पहिल्याच झटक्यात सुटली, फुलं माझ्या टोपीवर पडली, फोटो झाला. पोरांनी प्रतिज्ञा म्हटली. त्यातलं ते बांधवांचं वाक्य मी सगळ्यात मोठ्यानं म्हटलं, कारण माइक माझ्या पुढ्यात होता. व्यासपीठाखाली हिरव्या क्रेटांची ओळ लागली होती. तेवढ्यात बायको बायकांतून उठून पायरीपाशी आली.

"अहो, क्रेट कुटले हायेत?"

"लोकलचे."

"आन् परवा औषध मारलंय न्हवं त्येच्यावर?"

"हळू बोल. धुऊन खातील पोरं."

"मंग गोऱ्यांच्या घरी पानी न्हाई व्हय?"

एवढं बोलून ती जाग्यावर जाऊन बसली. तिकडं मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "चला, पहिलीची रांग आधी." पहिलीच्या पोरांनी ओंजळी पुढं केल्या. हातभर उंचीची पोरं, त्यांना धुणं कसलं माहीत? मी माइक धरून ओरडलो, "थांबा! कुणी मणी तोंडात घालू नका!"

ओंजळी जागच्या जागी थांबल्या. आता खरं सांगायचं, एवढंच राहिलं होतं. तोंड उघडलं आणि आतून ग्रुपवरचा मीच बोललो. "ही द्राक्षं आपल्या पोरांच्या लायकीची नाहीत! जी युरोपात जातात तीच आपल्या पोरांना मिळाली पाहिजेत! आधी आपला देश!"

काय टाळ्या पडल्या! सरपंचांनी उभं राहून घोषणा दिली. एकही शब्द खोटा नव्हता, आणि सगळं मिळून ठार खोटं होतं. फक्त फौजींनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याच क्रेटांतली, पाहुण्यांसाठी काढलेली ताटली त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती. त्यांनी तोंडातला मणी हळूच रुमालात काढला, रुमालाची घडी घातली आणि माझ्याकडं बघत राहिले. पुन्हा हसले नाहीत.

एक्स्पोर्टची द्राक्षं तोडून आणली. पोरांनी पोट फुटेस्तोवर खाल्ली. दुपारपर्यंत ग्रुपवर मी 'खरा देशभक्त' झालो होतो.

लोकलचे क्रेट शाळेतून परत आले ते ओट्याशी उभे होते. चार वाजता व्यापाऱ्याचा पुण्याला जाणारा टेम्पो आला. पुण्यात माझी थोरली बहीण असते. ताईला मी दरवर्षी पेटी पाठवतो, अर्थात पाटाच्या अलीकडची. घरीही आम्ही तीच खातो. ज्यांना मी चांगला माल देतो तो माझा देश, असं धरलं तर माझ्या देशात माझं घर, पुण्याची ताई आणि अख्खा युरोप येतो. बाकी जे उरतात त्यांच्यासाठी मी रोज सकाळी मेसेज टाकतो.

ड्रायव्हरनं क्रेटांकडं हात केला. "अण्णा, ह्ये बी घ्यायचे?"

बायको दारात उभी होती. सकाळचं 'थांबा' तोंडात तयार होतं. पण समोर पहिलीची रांग नव्हती, ओळखीचं एकही पोर नव्हतं. पुण्यात ही द्राक्षं कोण खाणार, कुठल्या गाडीत बसलेलं लेकरू, त्याचा व्हिडिओ मला कुणी पाठवणार नव्हतं.

"घे," मी म्हणालो.

त्यानं क्रेट चढवले, फाळका लावला. टेम्पोच्या काचेला सकाळचा कागदी झेंडा चिकटवलेला होता. वळण घेताना तो खिडकीतून ओरडला, "जय हिंद, अण्णा!"

मी हात वर केला. "जय हिंद."