एका मिनिटाचा ब्रश

आमच्या नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसायचा, किस्से मात्र रोज यायचे. परभणीत काकूंच्या घराच्या वरच्या खोलीत आम्ही तिघी भाड्यानं राहायचो. तीन मुली, एक बाथरूम आणि खाली काकू, एवढ्यावर कुणाकडेही किस्से साचतील. आमच्याकडचे निम्मे तर एकट्या ब्रशचे आहेत. चेहरा धुवायचा, विजेवर चार्ज होणारा ब्रश. तो मी मागवला होता, म्हणून सांगायची जबाबदारीही माझीच.

मी बी.एस्सी. करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होते आणि मला समाज बदलायची घाई झाली होती. शुभांगी पोखर्णीची, एम.कॉम.ला. वैष्णवी चुडाव्याची, बी.एड.ला. उन्हाधुळीत आम्ही सगळ्याच स्कार्फ बांधून फिरतो, पण वैष्णवीचा वर्गातही सुटत नसे. बारावीपासून गालभर मुरूम. मेसमध्ये ती स्कार्फ खालून जरासा उचलून घास आत सरकवायची. घरात शुभांगी, काकू आणि माझ्यासमोर तेवढी ती मोकळ्या तोंडानं वावरायची.

आणि आता तिच्यापुढं सराव पाठ होता. शाळेत जाऊन सहावीच्या वर्गाला शिकवायचं, मागच्या बाकावर कॉलेजच्या मॅडम वही घेऊन बसणार. मॅडमनी बजावलं होतं, तोंड झाकून शिकवलं तर पाठ धरणार नाही. वैष्णवीनं तो दोनदा पुढं ढकलला होता. तिसऱ्यांदा ढकलला तर वर्ष जाणार होतं.

मी तिला तासभर व्याख्यान दिलं. मुरूम हा गुन्हा नाही, लाज हसणाऱ्याला वाटली पाहिजे, वगैरे. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुझं बराबर हाय गं," ती म्हणाली, "पण तोंड माझं हाय."

त्याच संध्याकाळी मी ब्रश मागवला.

*

पार्सल आलं तेव्हा आम्ही तिघी बाहेर होतो. काकूंनी ते घेतलं. काकू म्हणजे कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे. सकाळची पूजा होईपर्यंत कुणाशी एक शब्द बोलायच्या नाहीत आणि पूजा झाली की कालपासूनचं सगळं बोलून घ्यायच्या.

आम्ही परतलो तर पार्सल अंगणात, घमेल्याखाली. वर दगड.

कुरिअरवाल्याच्या हातून बटण दाबलं गेलं असावं. खोकं काकूंच्या हातात गुरगुरायला लागलं होतं.

"आत काय की जिवंत व्हतं," काकू म्हणाल्या. "मिनिटभर गुरगुरलं, मग मेलं."

आम्ही पोट धरून हसलो. त्या वेळी नीट ऐकलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं.

*

पहिल्याच दिवशी ब्रश वैष्णवीच्या गालावर फिरता फिरता बंद पडला. मी बटण दाबलं, तो चालू झाला. मिनिटानं पुन्हा बंद. पुन्हा बटण.

सोबत माहितीपत्रक होतं. जगभरच्या भाषा होत्या त्यात, मराठी तेवढी नव्हती. निषेध म्हणून मी ते वाचलंच नाही. हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घडी करून सरकवलं आणि रूमचा नियम जाहीर केला: बंद पडला की बटण दाबायचं, घाबरायचं नाही.

लाइट जाणं-येणं बघत मोठ्या झालेल्या मुली आम्ही. वस्तू बंद पडली की चालू करायची, एवढंच आम्हाला कळतं.

*

पण असा सदोष माल गप्प बसून घ्यायचा का? मी हेल्पलाइनला फोन लावला. मराठीच बोलणार म्हणून हट्ट धरला. पलीकडची मुलगी छान मराठी बोलली, त्यामुळं माझा अर्धा राग वाया गेला. उरलेला मी पूर्ण वापरला.

ती म्हणाली, "मॅडम, तो एका मिनिटानं..."

"आधी माझं पूर्ण ऐकून घ्या."

तिनं ऐकून घेतलं. ग्राहकाचे हक्क, छोट्या गावांची फसवणूक, कंपन्यांची मिजास, सगळं. शेवटी बिचारीनं थकून नवा ब्रश पाठवते म्हणून सांगितलं.

आठवड्यानं जुन्याच्या बदल्यात नवा आला. तोही मिनिटानं बंद! मग माझी खात्रीच पटली की कंपनी चोर आहे.

*

शुभांगीचे वडील पोखर्णीहून हरभऱ्याचे डहाळे घेऊन आले होते. बाबांना कुठलंही यंत्र दिसलं की हात लावल्याशिवाय राहवत नाही. त्यांनी ब्रश तळहातावर फिरवून पाहिला, मनगटावर फिरवून पाहिला. तो थांबला तसा उलटा करून बघितला.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "पण येवढ्यात म्हशीचा एक कान बी हुणार न्हाई."

शुभांगीनं सांगितलं, बाबा, ते म्हशीसाठी नाही.

"तरीच मिनिटभर चालतंय," बाबा म्हणाले. "म्हशीसाठी असतं तर धा मिनिटं चाललं असतं."

पुन्हा आम्ही हसलो. पुन्हा कुणाच्याच डोक्यात प्रकाश पडला नाही.

*

पाठाची तारीख जवळ येत होती आणि वैष्णवी माझा नियम मनापासून पाळत होती. सकाळी बाथरूममधून ब्रशचा आवाज यायचा, थांबायचा, परत यायचा. दहा वेळा, बारा वेळा. मला बरं वाटायचं. चिकाटी असावी तर अशी!

एकदा काकूंनी बाहेरून दार ठोठावलं. "आगं, तोंड धुवायलीस का भांडे घासायलीस?"

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी लक्षात आलं की वैष्णवी आता घरातही स्कार्फ सोडत नाही. जेवतानाही नाही. मी घाईनं तो ओढलाच. दोन्ही गाल लालभडक सोलवटलेले, मुरमांची डोकी फुटलेली, हनुवटीवर खपल्या.

"जळजळ व्हतीय," ती म्हणाली. "म्हंजे लागू पडायलंय ना?"

मी ब्रश पिशवीत टाकला आणि तिला चप्पल घालायला लावली.

*

त्वचेच्या डॉक्टर मॅडमकडं आम्ही तिघी ब्रशसकट गेलो. त्यांनी गाल पाहिले आणि विचारलं, किती वेळ घासतेस?

"पंधरा-वीस मिनिटं," वैष्णवी म्हणाली. "सारखा बंद पडतो, म्हणून येवढा वेळ जातो."

मॅडमनी ब्रश चालू करून टेबलावर ठेवला आणि औषधं लिहायला घेतली. तो गुरगुरत राहिला. त्यांनी एक औषध लिहिलं, दुसरं लिहिलं. ब्रश थांबला.

मी लगेच म्हणाले, "बघा. दुसऱ्यांदा असाच माल दिलाय त्यांनी."

मॅडमनी पेनचं टोपण लावलं. "बंद नाही पडला. मिनिट झालं म्हणून थांबला. त्यापुढं घासू नये म्हणून तो तसाच बनवतात."

मला घमेलं आठवलं. म्हशीचा कान आठवला. आणि ती हेल्पलाइनवरची मुलगी आठवली, जिला मी वाक्य पुरं करू दिलं नव्हतं.

"आणि इतके मुरूम असताना ब्रश लावायचाच नसतो," मॅडम म्हणाल्या. "मुरूम म्हणजे काय तव्यावरचं करपट आहे, घासून काढायला?"

वैष्णवी हसली आणि गाल दुखला म्हणून कळवळली. डाग कायमचे राहतील का, हे विचारायचा धीर तिला होईना. शेवटी शुभांगीनं विचारलं. मॅडम म्हणाल्या, कातडी भरून येईल, मुरूम औषधानं कमी होतील, थोडे डाग राहतील, तेही हळूहळू फिके होतील. पण घाई करायची नाही. हे शेवटचं वाक्य त्या माझ्याकडं बघून का बोलल्या, कोण जाणे.

इतकं हलकं मला कुठल्याही निकालानंतर वाटलं नव्हतं. रिक्षात मी वैष्णवीची माफी मागितली. ती म्हणाली, "बटण तर मीच दाबायले न्हवते का?"

तिनं डॉक्टरांची चिठ्ठी कॉलेजात नेऊन दाखवली. पाठ दोन महिने पुढं गेला. कॉलेजच्या मॅडमनी स्पष्ट केलं की ही शेवटची तारीख.

*

ब्रश काकूंनी जप्त केला. कापडात गुंडाळून देवघराच्या कपाटात, विभूतीच्या डब्याशेजारी. माझ्यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता.

महिन्या-दीड महिन्यानं गाल भरून आले. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा, हलक्या हातानं ब्रश लावायची परवानगी दिली. मग दर सोमवारी पूजा आटोपली की काकू तो बाहेर काढायच्या आणि वैष्णवी आत गेली की बाथरूमच्या दाराशी पहाऱ्याला उभ्या राहायच्या. आवाज थांबला की हात पुढं.

"झालं. आण इकडं."

एकदा वैष्णवी म्हणाली, काकू, हनुवटी राहिली.

"ऱ्हाऊ दे. पुढच्या सोमवारी आधी हनुवटी कर."

*

पाठाचा दिवस उजाडला. विषय गणित, अपूर्णांक. वैष्णवीचे मुरूम बरेच बसले होते, पण गालांवर तपकिरी डाग होते आणि ती आरशासमोरून हलत नव्हती. शेवटी तिनं स्कार्फ घेतला. फक्त डोळे उघडे ठेवून गुंडाळला आणि एक, दोन, तीन अशा पिना लावल्या. वर्गात सोडशील ना, असं शुभांगीनं विचारलं. ती म्हणाली, "बघू."

मी व्याख्यानासाठी तोंड उघडलं तर शुभांगीनं त्यात पोळीचा घास कोंबला. काकू विभूती लावायला आल्या, पण लावायला कपाळच दिसेना. मग त्यांनी ती तिच्या तळहातावर लावली आणि म्हणाल्या, जा.

आम्ही अभ्यास केल्यासारखं करत बसलो. एक वाजला, दोन वाजले. अडीचला खाली फाटक वाजलं. पण ती वर येईना. मोरीत बादली सरकल्याचा आवाज आला, मग पाणी ओतल्याचा. ती रडून तोंड धुतेय, असंच मला वाटलं.

शुभांगी धावत खाली गेली आणि नुसती वही घेऊन वर आली. म्हणाली, "काय की भिजू घालायलीय. म्हणते, आधी वही वाचा."

काकूही दम खात जिना चढून आल्या. मी पाठ टाचणाची वही उघडली. खाली लाल शाईत मॅडमचा शेरा होता. मी मोठ्यानं वाचला:

"विषयाची मांडणी स्पष्ट. आवाज चांगला. वर्ग शेवटपर्यंत रमला. डस्टर नसल्यास वर्गप्रमुखाकडे मागावे. फळा स्कार्फने पुसू नये."