एक लाख सतरा हजार लिटर

नातीच्या शाळेनं प्रोजेक्ट दिला: घराजवळच्या एखाद्या टाकीत, हौदात किंवा तलावात किती पाणी मावतं ते स्वतः मोजून काढा. पुण्याला त्यांच्या सोसायटीत स्विमिंग पूल आहे. तिनं तोच निवडला, आणि गणित म्हटल्यावर तिच्या बापाला आईची, म्हणजे माझी, आठवण झाली. मी इकडे वर्ध्यात एकटी राहते. नोकरीभर गणित शिकवलं. एक नळ हौद भरतो, दुसरा रिकामा करतो, असली गणितं फळ्यावर किती सोडवली देव जाणे. पण स्विमिंग पूलमध्ये आयुष्यात पाय घातलेला नाही.

एरवी नातीचा फोन म्हणजे "हाय आजी" आणि "बाय आजी". मधे मी जे विचारेन त्याला "हो" किंवा "नाही". या खेपेला मात्र तिनं स्वतःहून फोन लावला. उत्तरही तयार होतं. उथळ बाजू एक मीटर, खोल बाजू दोन, सरासरी दीड. लांबी पंधरा, रुंदी सहा. एक लाख पस्तीस हजार लिटर.

"आकडे कुठून आणले?"

"भिंतीवर लिहिलेत."

"अन् उतार कुठून सुरू होते, तेबी लिहिलं हाय काय भिंतीवर?"

ते लिहिलेलं नव्हतं. तळ पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखा उतरत असेल तरच अशी सरासरी चालते. "पाण्यात उतर, अन् पायानं पाहून सांग मले," मी म्हटलं. वर्ध्यात बसून पुण्याचं पाणी मोजणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. पण जित्याची खोड आहे, जाते थोडीच!

दुसऱ्या दिवशी तिचा पुन्हा फोन आला. काठावरच्या फरश्या मोजत ती पाण्यातून चालली होती. पहिल्या वीस फरश्यांपर्यंत तळ सपाट, पुढच्या तीस उताराच्या, त्या तिनं काठावरूनच मोजल्या. एक फरशी तीस सेंटीमीटरची, म्हणजे सहा मीटर सपाट आणि नऊ मीटर उतार. मग मी तिला दोरीला दगड बांधून काठाकाठानं पाण्यात सोडायला लावलं आणि दोरीचा ओला भाग मोजायला सांगितला. आम्ही विहिरीचं पाणी असंच पाहायचो. तिथला वॉचमन म्हणे हसत होता, मासे धरतेस का म्हणून.

"तो काऊन हसते? त्याले म्हणा, तू सांग किती पाणी हाय ते!"

ती खूप हसली. हसता हसता भलतंच बोलू लागली. एक मैत्रीण तिच्याशी बोलत नाही. खोल बाजूला जायची तिला भीती वाटते, पण घरी कुणाला सांगितलेलं नाही. मला सांगितलं.

संध्याकाळी कुकर लवकर लावून मी फोन जवळ घेऊन बसू लागले. गणितात आता काही उरलं नव्हतं. तरी मी म्हटलं, दुसऱ्या कोपऱ्यातही दोरी सोडून पाहा. मग म्हटलं, रुंदी दोन्ही टोकांना सारखी आहे का बघ. गरज नव्हती. गणित संपलं की फोन संपणार, एवढं मला कळत होतं.

शेवटी उत्तर निघालंच. सपाट भागाचे छत्तीस घनमीटर, उताराचे एक्क्याऐंशी. एक लाख सतरा हजार लिटर.

"आजी, अठरा हजारांचा फरक!"

"पाच हजारांचा एक धरला तर साडेतीन टँकर झाले, माय. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात एका टँकरसाठी बाया भांडतात."

त्यानंतर फोन आला नाही. मी वाट पाहिली, रागावले, पुन्हा वाट पाहिली. घरात पंख्याचा तेवढा आवाज. एका संध्याकाळी राहवेना म्हणून मीच लावला. मुलानं उचलला.

"काय झालं आई? तब्येत बरी हाय ना तुही?"

माझा फोन म्हणजे दुखणं, असं त्या घरात ठरून गेलं आहे. मला वाईट वाटलं, आणि तोंडून निघून गेलं, "मले काही नाई झालं. पोरीले दे. तिच्या गणितात चूक राह्यली."

चूक नव्हती. चुकलेल्या गणितावर मी लाल पेन दाबून फुली मारायची, मुलं मला टरकून असायची. पण बरोबर गणिताला चूक म्हटल्याचं मला तरी आठवत नाही. ते मी त्या दिवशी केलं.

ती धावत आली. "पण आजी, टीचरनी तर बरोबर दिलंय! कुठे चुकलं?" आणि घाबऱ्या आवाजात पहिल्यापासून मांडू लागली. वीस फरश्या, सहा मीटर, छत्तीस...

"थांब. काहीच नाई चुकलं. मले करमत नव्हतं."

"मग तसंच सांगायचं ना. चुकलं कशाला म्हणालीस?"

"गणित नसतं, तर माह्याशी काय बोलली असतीस तू?"

तिनं खरंच विचार केला असावा.

"माहीत नाही," ती म्हणाली.

पोर खरं बोलली. मला रडू फुटलं, आणि ते तिला ऐकू गेलं.