निळ्या पेन्सिलीतलं नाव

माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. अमरावतीच्या एका कॉलेजात सव्वीस वर्षं केमिस्ट्री शिकवतेय. आमच्या साईनगरात कोणाच्या अंगात आलं की सगळ्यात आधी फिस्सकन हसते ती मीच. तर ऐका...

माझे धाकटे काका अकोल्याला जठारपेठेत एकटे राहायचे. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींवर नावं घालायचं काम करत. जाड निळी पेन्सिल, मोठाली अक्षरं, आणि घाई इतकी की शिरोरेषा कधीच नाही. पुढे शुगरनं पाय गेले आणि ते पलंगाला खिळले. करमणूक एकच उरली – रहस्यकथा.

त्या पुरवायचे मी. दर रविवारी एसटीत बसायचं, मूर्तिजापूर येईस्तोवर शेवटची चार पानं वाचायची आणि पहिल्या पानावर खुन्याचं नाव लिहून टाकायचं! तेही काकांच्याच पेन्सिलीनं. तिचा एक तुकडा मी ढापला होता.

"काहून वं सटवे," काका ओरडायचे, "आता मी काय वाचू? छापखान्याचा पत्ता?"

त्यांचा पडलेला चेहरा बघायलाच तर मी जायचे... खोटं कशाला बोलू?

शेवटच्या आजारात त्यांनी माझा हात धरला. "एवढं एक पुस्तक मले सरळ वाचू दे वं माय. याच्यापुढं दुसरं काई होत नाई आता."

मी गळ्याची शपथ घेतली. आणि लिहिलंच! राहवलं नाही हो.

काकांनी पहिलं पान उघडलं, पाहिलं, पुस्तक मिटून उशाशी ठेवलं. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "थांब. तुया पुस्तकाचा शेवट मीच सांगीन."

"मी कुठं पुस्तक लिहून राहिली, काका?" मी डोळा मारला.

गुरुवारी ते गेले. पुस्तकाचं एकही पान पुढे उलटलेलं नव्हतं. पेन्सिलीचा तुकडा मी सगळ्यांदेखत त्यांच्या मुठीत ठेवला. काय सुंदर रडले होते मी!

दोन महिन्यांनी नवीकोरी रहस्यकथा आणली. प्लास्टिक मीच फाडलं. पहिल्या पानावर निळ्या पेन्सिलीत – 'कंपाउंडर'. शिरोरेषा नाही. रात्रीपर्यंत वाचून काढली... खुनी कंपाउंडरच निघाला.

आमच्या ह्यांना दाखवलं. (नाव घेत नाही. सासूबाईंची एवढी एकच रीत मी पाळलीय.) हे म्हणाले, "तूच लिहून राहिली असशील. खोडच हाय तुले."

मग सिनेमाच्या तिकिटामागे – 'मेहुणी'. इंटरव्हललाच मी मागच्या रांगेला सांगून टाकलं, शिव्या खाल्ल्या, मजा आली! पुस्तकं, सिनेमे धरून अकरा नावं झाली. एकही चुकलं नाही. भीती? छे! शेवट आयता हाती यायचा.

यंदा लेकीनं डोकं खाल्लं. "आई, काकांचे किस्से, चिखलदऱ्याच्या सहली, आपल्या घराण्याच्या गमती... नुसतं बोलत काय बसतेस, तुझं पुस्तक लिही ना!" दोनशे पानी वही तिनंच आणली. काल दुपारी मोठ्या थाटात टेबलाशी बसले. वहीच्या पुट्ठ्यावर झोकात लिहिलं – 'माझी गोष्ट'. पहिलं पान उघडलं.

नाव आधीच लिहिलेलं होतं. मोठाली निळी अक्षरं. शिरोरेषा नाही.

मी ते खोडरबरानं घासघासून काढलं. कागद फाटायला आला, पण ठसा गेला नाही. काका खोटंच लिहून मला घाबरवतायत, असं म्हणून पाहिलं... पण मी तरी त्यांना कधी चुकीचं नाव दिलं होतं?

ह्यावर कोणाला काही उत्तर सुचलं तर कळवा – आणि जरा लवकर कळवा. नाव कोणाचं ते मात्र विचारू नका. घेत नाही, सांगितलं ना.

हे लिहीत असताना ह्यांनी चहा आणून ठेवलाय. रोजच आणतात. आता तिसऱ्यांदा दारातून विचारतायत, "पेत काहून नाहीस वं? थंडा होऊन राहिला."

सव्वीस वर्षं केमिस्ट्री शिकवली. पण कपाकडे नुसतं बघून काहीच सांगता येत नाही हो...