फोटोतली मोरपंखी साडी

आईवडिलांच्या लग्नाचा वाढदिवस साजरा करायचा, ही टूम धाकट्या भावाची. तो सुरतेत साड्यांचा धंदा करतो, त्यामुळे कुठल्याही गोष्टीला झालर लावल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. ज्या दोघांनी जन्मात एकमेकांना नावानं हाक मारली नाही, त्यांना पार्टी प्लॉटमध्ये, म्हणजे समारंभाच्या भाड्याच्या मैदानावर, केक कापायला उभं करायचं ठरलं. मागे मोठा पडदा आणि पडद्यावर जुने फोटो.

जुने फोटो म्हणजे सुरतेतल्या आमच्या गोडादऱ्याच्या घरातला घारीच्या मिठाईचा डबा. त्यातली घारी केव्हाच संपली, डबा मात्र आमच्याहून जास्त जपला गेला. त्यात आप्पांचा एक फोटो निघाला. मोटारसायकलला रेलून उभे, डोळ्यांवर काळा चष्मा. आम्ही थक्क. कापडाच्या लूमवर उभं आयुष्य काढलेला आमचा बाप सायकल सोडून दुसऱ्या कशावर बसलेला आम्ही पाहिला नव्हता.

"ती स्टुडिओनी व्हती," आप्पा म्हणाले.

मग आठवलं, गल्लीतल्या निम्म्या बापांचे फोटो त्याच मोटारसायकलबरोबर आहेत. खानदेशातून आलेली अख्खी पिढी गावाकडच्यांच्या नजरेत एकाच गाडीवर श्रीमंत झाली.

दुसरा फोटो मायचा. अंगावर मोरपंखी साडी, पदरावर खडेच खडे. या साडीची कथा आमच्या घरात सगळ्यांना पाठ. फोटो गावी पोचला तेव्हा मोठ्या फुईनं, म्हणजे आमच्या आत्यानं, लेकीच्या लग्नासाठी ती साडी मागितली. "उंदीरसनी कुरतडी टाकी," असा मायचा निरोप गेला. फुईला तो आजतागायत पटलेला नाही. प्रत्येक लग्नात ती चार बायकांत मायला विचारते, "काय वो, तुना उंदीर बरा सेतस ना?" बायका हसतात, माय पदर सारखा करते. या समारंभालाही फुई येणारच होती.

भावानं ठरवलं, मायला तीच साडी नवी करून द्यायची, म्हणजे फुईचं तोंड एकदाचं बंद. सुरतेत हे काही अवघड नाही. फोटो दाखवा, साडी घ्या. इथे नकलेला नक्कल म्हणत नाहीत, डिझाइन म्हणतात. फोटो कारागिराकडे गेला आणि साडी आली.

समारंभाच्या आदल्या दिवशी सकाळी मायनं घडी उलगडली आणि भावाचा चेहरा पडला. समोर दिसणारा पदर खड्यांनी भरलेला, बाकी साडी कोरी. लगेच कारागिराला फोन.

"सेठ, फोटो में जितना दिखा उतना बनाया," तो म्हणाला.

भाऊ त्याच्यावर ओरडत असताना माय हसायला लागली. हसता हसता खालीच बसली.

"बराबर से," ती म्हणाली. "इतलंच काम व्हयेल व्हतं."

मग सगळं कळलं. तेव्हा माय घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायची. शेठचा माणूस गठ्ठा टाकून जायचा आणि काम झालं की घेऊन जायचा. गावाकडे आजीनं मनाशी धरून ठेवलं होतं की सुरतेत ही दोघं उपाशी मरतायत, आणि त्या काळजीनं ती खंगत चालली होती. म्हणून एका सुट्टीच्या दिवशी मायनं गठ्ठ्यातली अर्धवट झालेली साडी नेसली, कोरा भाग मागे लपवला, स्टुडिओत जाऊन फोटो काढला आणि घरी येऊन उरलेले खडे चिकटवायला बसली. दुसऱ्या दिवशी साडी गेली. फुईला ती देणार कुठून? आणि खरं सांगावं तर आजीला कळणार. आजी गेली तोवर खोटं जुनं झालं होतं. त्यात उंदीर बिचारे फुकट बदनाम झाले.

मला भरून आलं. भावालाही आलं असावं, पण तो पडला धंद्याचा माणूस. "कोणाला काही सांगायची गरज नाही," तो म्हणाला. "संध्याकाळपर्यंत खडे लावून आणतो."

मायनं साडी त्याच्या हातातून ओढून घेतली. "मी लावस."

दुपारभर ती खिडकीशी बसून खडे चिकटवत होती. मधेच मान वर करून तिनं विचारलं, "ही सकायले परत नही ना देनी?"

"नाही गं माय. तुझीच आहे."

दुसऱ्या दिवशी माय आपली नेहमीची सणाची साडी नेसून पार्टी प्लॉटवर आली. हातात पिशवी. 'तेव्हा आणि आता' असा फोटो घ्यायला फोटोग्राफर टपून बसला होता. भावानं कपाळाला हात लावला. पडद्यावर मोरपंखी माय झळकली, तशी फुई खुर्चीतच वळली आणि चार बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काय वो, तुना उंदीर..."

मायनं पिशवीतली साडी काढून तिच्या मांडीवर ठेवली.

"उंदीर नव्हतात, बाई. साडीबी मनी नव्हती, शेठनी व्हती," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "आते मनी से, म्हनीसन तुले देस."