आवक-जावक

जळगावात माणसाची लायकी पगारावरून किंवा केळीच्या बागेवरून ठरवणारे पुष्कळ आहेत. ती लघवीच्या रंगावरून ठरवणारी बाई एकच, आमच्या समोर राहणाऱ्या सिस्टर. पेशंटनं किती पाणी प्यायलं आणि किती बाहेर टाकलं, या हिशेबाला त्या बाजार समितीच्या भाषेत ‘आवक-जावक’ म्हणत. ड्यूटी संपली तरी हा हिशेब काही संपत नसे. भुसावळच्या एका लग्नात त्यांनी भर मंडपात नवरदेवाला जीभ बाहेर काढायला लावली. ‘कोरडी आहे. आधी पाणी, मग मंगलाष्टकं,’ असा हुकूम सुटला. बिचारा ऐन मंगलाष्टकांत मंडपामागे पळाला, तेव्हा सिस्टर समाधानानं म्हणाल्या, ‘जावक सुरू झाली.’

एका मे महिन्यात माझे वडील, आबा, चोपड्याकडच्या शेतात ऊन लागून पडले आणि सिस्टरांच्याच वॉर्डात आले. मूत्रपिंडं धोक्यात होती. सलाईन निघालं, तोंडानं भरपूर पाणी द्यायचं आणि लघवीचं भांडं माझ्या बायकोनं धरायचं ठरलं. ग्लास भराभर रिकामे होत होते, पण जावक जवळजवळ नाहीच. डॉक्टर काळजीत, आम्ही रडकुंडीला. सिस्टरांनी आबांची जीभ पाहिली आणि सरळ खिडकीबाहेर डोकावल्या. खालची माती चिंब झाली होती.

‘आबा, गवताला कशाला पाजताय?’

आबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ‘सूनना हातमा ते भांडं? त्यापेक्षा पानीच नको.’

सिस्टरांनी मला आणि माझ्या बायकोला बाहेर काढलं आणि पडदा ओढला. आम्ही तिथंच कान देऊन उभे.

‘मे महिन्यात केळीचं पाणी तोडता का हो?’

‘मरी जाई ना ती!’

‘मग प्या. भांडं मी धरते.’

आबा प्यायले आणि वाचले.

सिस्टर आता निवृत्त आहेत. यंदाच्या मे महिन्यात तापानं अंथरुणाला खिळल्या, तेव्हा एकट्या बाईचं सगळं माझी बायकोच करत होती. पण पाणी पुढे केलं की, ‘तहानच नाही गं.’ जीभ दाखवा म्हटलं तर तोंड घट्ट मिटलं. भर लग्नात लोकांच्या लघवीची चौकशी करणाऱ्या या बाईला स्वतःसाठी भांडं मागायची लाज वाटत होती! मला हसू आलं, आणि फार वाईटही वाटलं.

बायकोनं मला बाहेर काढून दार लोटलं.

‘सिस्टर, मे महिन्यात केळीचं पाणी तोडतात का?’

मी दाराला कान लावला.

‘दे,’ सिस्टर म्हणाल्या. ‘पण मापून दे.’